खर्जातला संसार

मी डबल बास बोलतोय. माझा आवाज मुळातच खालचा आहे, तेव्हा जरा जवळ सरकून बसा.

मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास म्हणतो, "बापरे, केवढं मोठं व्हायोलिन!" हत्तीकडे बघून कुणी "केवढं मोठं डुक्कर" म्हटलं तर हत्तीला कसं वाटेल? पण मी मनावर घेत नाही. माझं रूपच तसं आहे. माणसापेक्षा उंच, खांदे उतरते, पोट सुटलेलं, मान लांब आणि अंगावर दोरखंडासारख्या चार जाड तारा. मला मांडीवर घेता येत नाही की हनुवटीखाली धरता येत नाही. वाजवणारा मला छातीशी उभा धरतो आणि बोटांनी छेडतो, नाहीतर गजानं वाजवतो.

माझा जन्म एका कारागिराच्या कामाच्या खोलीत झाला. खाली भुसा, वर टांगलेले साचे आणि सगळीकडे तापलेल्या सरसाचा वास. लाकूड निवडताना तो बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा, दार वाजवून आत कुणी आहे का बघावं तसा. माझं पुढचं पान हलक्या, सरळ रेषांच्या लाकडाचं आहे आणि पाठ मेपलच्या कठीण लाकडाची. कडा चिकटवताना त्यानं सरस मुद्दाम पातळ ठेवला. त्याच्या बायकोनं विचारलं, "अहो, उखडला तर?" तो म्हणाला, "उखडू दे. लाकूड आकसतं, फुगतं. त्याला कुठून तरी सुटायला जागा हवी. सांधा सुटला तर परत चिकटवता येतो, लाकूड फाटलं तर जन्माची खूण राहते."

पुढं मी एका नाचाच्या हॉलमध्ये काही वर्षं काढली. तिथं माझ्या खांद्यावर कुणीही कोट अडकवायचं. तिथून मला खर्जेरावांनी घरी आणलं. हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते नाटकाच्या थिएटरातल्या वाद्यवृंदात खालचे सूर वाजवायचे, म्हणून सोबत्यांनी ठेवलेलं नाव. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. घर वरच्या मजल्यावर आणि जिना अरुंद. त्यांनी मला मानेकडून धरलं, नव्या नवरीनं बुडाकडून. ती उलट्या पावलांनी चढत होती आणि प्रत्येक वळणावर "थांबा, थांबा, कोपरा!" म्हणून ओरडत होती. जिना उतरणाऱ्या कुणीतरी विचारलं, "नवं कपाट का?"

"नाही हो," ती धापा टाकत म्हणाली, "सवत आहे."

अशी माझी त्या घरात वरात आली. पण सवतीचा जाच म्हणाल तर तिनं मला कधी दिला नाही. उलट माझी निगा तीच राखायची. खर्जेरावांचं वाजवून झालं की गजाला लावलेल्या राळेची तारांखाली साचलेली पांढरी पूड ती मऊ सुती कापडानं हलकेच पुसायची. कोरड्या थंडीत हीटर लावला की माझ्याजवळ पाण्याचं भांडं भरून ठेवायची, म्हणजे हवेत ओल राहते आणि माझं अंग उलत नाही. तारा ज्या घोडीवर टेकतात ती पुढं झुकली नाही ना, तेही येताजाता बघायची. "याची बडदास्त माझ्यापेक्षा जास्त," खर्जेराव म्हणायचे. ती म्हणायची, "तो उलटून बोलत नाही ना!"

थिएटरात आमची जागा रंगमंचापुढच्या, वादक बसतात त्या खड्ड्यात, अगदी कडेला. टाळ्या गाणाऱ्याला, व्हायोलिनला, फार तर बासरीला. आम्ही कुणाच्या खिजगणतीतही नसायचो. बायको मागच्या रांगेत बसून ऐकायची. एकदा घरी आल्यावर म्हणाली, "आज तुमचा आवाज आलाच नाही."

"म्हणजे नीट वाजला," ते म्हणाले. "मी थांबलो असतो तर कळलं असतं. भिंती दिसतात, पाया दिसतो का?"

त्यांची मुलगी मोठी झाली आणि एक दिवस तिनं घरात बास गिटार आणली. सडपातळ, चकचकीत, अंगात वीज. खर्जेरावांनी तिला खालीवर पाहिलं आणि विचारलं, "हे काय, इस्त्रीचं टेबल?"

"बाबा, तारा चार, सूरही तेच," मुलगी म्हणाली. "फक्त ही पाठीवर बसते. तुमच्या लाडक्याला टेम्पो लागतो."

मला आधी तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? तिच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या आहेत. बोट त्यांच्यामध्ये ठेवलं की सूर चुकत नाही. माझ्या मानेवर खूण म्हणून नाही, सगळं मोकळं माळरान. सूर कानानं शोधावा लागतो आणि शोधताना माणूस चुकतो. पण नंतर एका दुपारी मुलगी बाहेर गेली असताना खर्जेरावांनी ती गिटार मांडीवर घेतली आणि लपूनछपून वाजवायला लागले. चेहरा असा, की जणू बरणीतला लाडू पळवला. त्या दिवसापासून मी तिला धाकटी बहीण मानलं.

मग ती सकाळ उजाडली. दाढी करता करता खर्जेरावांच्या डाव्या हातातली वाटी गळून पडली. बायको आवाजानं धावत आली तोवर ते भिंतीला टेकून खाली बसले होते. अर्धांगाचा झटका होता. दवाखान्यातून ते काठी टेकत परत आले. बोलणं हळूहळू सुधारलं, पाय ओढत का होईना चालायला लागले, पण डावा हात मांडीवर पडून राहिला तो राहिलाच. उजवा धडधाकट होता. पण माझ्यासारख्याला एक हात काय कामाचा? उजव्यानं गज ओढायचा तर डाव्यानं तार दाबायला हवी.

घरी आल्यावर ते खुर्चीत बसले, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "त्याचं तोंड भिंतीकडं कर."

तिनं केलं. वर चादर टाकली. औषधं, व्यायाम, पथ्य यांत तिला दिवस पुरेना. पाण्याचं भांडं कोरडं पडलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या थंडीत हीटर सारखा चालू असायचा. एका दुपारी माझ्या बरगडीपाशी 'टक्क' असा आवाज झाला आणि सांधा सुटला. ती स्वयंपाकघरातून पळत आली. चादर काढून माझ्या कडेवरून हात फिरवू लागली. बोट फटीत गेलं तेव्हा ती तिथंच, माझ्या पायाशी बसून रडली. इतक्या महिन्यांत तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. खर्जेरावांनी खुर्चीतून सगळं ऐकलं.

वाद्यं दुरुस्त करणारी बाई घरी आली. तिनं सांधा साफ केला, सरस भरला, तो आवळून धरायला शिकंजे लावले. म्हणाली, "लाकूड शाबूत आहे, नशीब. पण हा न वाजता असाच उभा राहिला तर दरवर्षी काहीतरी निघेल. बंद घरासारखं असतं हे. राहतं ठेवा, नाहीतर राहणाऱ्याला देऊन टाका."

मुलीनं मग धीर करून विषय काढला. "आई, बाबांना हा रोज डोळ्यांसमोर नको वाटतो. संगीत शाळेला देऊ या का? तिथं निदान वाजेल तरी."

आईनं खुर्चीकडं पाहिलं. खर्जेराव म्हणाले, "द्या."

संगीत शाळेच्या शिक्षिका मला बघायला आल्या तेव्हा मुलगी चहा करत होती. शिक्षिकांनी मला भिंतीपासून वळवलं, तारा जुळवल्या, थोडं वाजवलं. वाजवणं चांगलं होतं, पण गज माझ्या तारेवरून घसरत होता. "हा गज वेगळाच आहे," त्या म्हणाल्या. "कसा धरता हो तुम्ही?"

त्यांनी सहज विचारलं. खर्जेरावांनीही सहजच उजवा हात पुढं केला. गज हातात आल्यावर बोटं आपोआप जागच्या जागी बसली. बायकोनं मला त्यांच्या खुर्चीशी आणून उभं केलं, आणि पडू नये म्हणून मानेला घट्ट धरून ठेवलं. त्यांनी खालच्या मोकळ्या, म्हणजे बोटानं न दाबलेल्या, तारेवरून गज ओढला.

मी वाजलो! किती काळानं वाजलो! माझं सगळं पोट भरून आलं. त्यांनी वरच्या तारेवर गज ओढला, मग परत खालच्या. एका जुन्या संथ चालीची सुरुवात होती ती. पुढचा सूर मात्र मोकळ्या तारेवर नव्हता. गज हवेत थांबला. त्यांची नजर मांडीवरच्या डाव्या हाताकडं गेली.

बायकोचा हात माझ्या मानेवर होताच. तिनं अंदाजानं तार दाबली. त्यांनी गज टेकवला. आवाज असा आला, की पायाखाली मांजर सापडावं.

"वर," खर्जेराव म्हणाले.

तिनं हात वर सरकवला. सूर आणखी खाली गेला.

"अगं, वर!"

"वरच तर जातेय!"

"वर म्हणजे खाली!"

"मग खाली म्हणा ना!"

आता तुम्हाला सांगायला हवं. माझ्यावर सूर चढवायचा असेल तर हात जमिनीच्या दिशेनं उतरवावा लागतो. तिनं इतकी वर्षं ऐकलं होतं, पण हे तिला कोण सांगणार? मग खर्जेराव हसले. अर्ध्याच चेहऱ्यानं, पण पोटापासून हसले. शिक्षिका हसल्या, मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारातच हसत उभी राहिली. आणि बायकोनं हसता हसता हात खाली सरकवला. सूर सापडला.

शिक्षिकांनी चहा घेतला, रुमालानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "मी न्यायला आले होते खरी. पण आता हा इथून हलवला तर मला अन्न गोड लागायचं नाही."

तेव्हापासून मला दोन माणसं मिळून वाजवू लागली. ते उंच स्टुलावर, काठी बाजूला, गज त्यांचा. ती डावीकडं उभी, बोटं तिची. ऐकायला गोड वाटतं, पण भांडणं काय व्हायची! तिच्या बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. ज्या माणसानं आयुष्यात कधी भाजीत मीठ कमी म्हटलं नव्हतं, तो सुराच्या बाबतीत तिला तसूभर सूट देईना. ती वैतागून आत निघून जायची आणि पाणी पिऊन परत यायची. तिला उशीर झाला की त्यांची चिडचिड, ते घाई करू लागले की तिची.

एके दिवशी त्यांनी गज खाली ठेवला. "पुरे आता. माझ्या हट्टापायी तुझे हात झिजतायत."

"झिजू देत," ती म्हणाली. "इतकी वर्षं मागच्या रांगेत बसून तुम्हाला ऐकलं. आता तुमचा सूर माझ्या बोटांखालून जातो. मला हे सोडायचं नाही."

त्यांनी गज परत उचलला.

पुढं थिएटरचे संगीत संचालक निवृत्त झाले. जुन्या वादकांनी मिळून एका दुपारी छोटा कार्यक्रम ठेवला आणि आम्हालाही बोलावणं आलं. या खेपेला खड्ड्यात नव्हे, रंगमंचावर. मुलीनं आम्हाला टेम्पोनं नेलं. ती स्वतः पहिल्या रांगेत बसली, नखं खात.

संथ चाल होती. निम्मी नीट गेली. मग एका जागी बायकोचा हात चुकला. पुन्हा शोधायला गेली तर जागाच हरवली. खर्जेरावांनी गज थांबवला. खालचा सूर नाहीसा झाल्याबरोबर सगळा वाद्यवृंद एकदम पोकळ वाजू लागला. संचालकांनी हात खाली घेतला. व्हायोलिनं थांबली, बासरी थांबली. माझ्या उभ्या जन्मात सगळे बाससाठी थांबल्याचं मी तेव्हाच पाहिलं. तिचा घाम माझ्या मानेवर उतरत होता. खर्जेराव हलकेच म्हणाले, "सावकाश. कुणाला कुठं जायचंय?" तिनं डोळे मिटले, बोट ठेवलं, मान हलवली. गज टेकला आणि चाल जिथं तुटली होती तिथूनच पुढं निघाली.

नंतर बासरीवाले जवळ आले. म्हणाले, "खर्जेराव, इतकी वर्षं शेजारी बसलो, पण तुमच्याकडं कधी बघितलंच नाही."

"तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं," ते बायकोकडं हात करून म्हणाले. "आता आहे."

गेल्या थंडीत खर्जेराव गेले. झोपेतच, शांतपणे. त्यानंतर बरेच दिवस तिनं मला फक्त पुसलं. पाण्याचं भांडं भरायची, कडा चाचपायची आणि निघून जायची. मुलगी म्हणाली, "आई, गज मी धरू?" ती म्हणाली, "नको बाळा. तुझी गिटार तुझी वाट बघतेय, ती वाजव."

आज सकाळी मात्र तिनं मला छातीशी घेतलं आणि गज स्वतःच्या हातात धरला. गज तिनं कधी ओढला नव्हता. पहिला सूर करवतीसारखा निघाला. दुसरा त्याहून वाईट. ती थांबली नाही. दुपारपर्यंत एक बरा सूर निघाला, लांब आणि भरीव.

तुमच्याकडं माझं एवढंच मागणं आहे. कुठंही गाणं ऐकाल तेव्हा क्षणभर वरचे सूर सोडून खाली कान द्या. तिथं कुणीतरी न बोलता सगळ्यांचा भार उचलून उभं असतं. आणि घरात एखादं वाद्य मुकं उभं असेल, तर चुकत का होईना, त्याला वाजवा.

तो बरा सूर निघाला तेवढ्यात दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या आजी होत्या. हिनं घाईनं गज खाली ठेवला. "आजी, त्रास झाला का? दार बंद करून वाजवते."

"त्रास कसला?" आजी धाप लागून दाराच्या चौकटीला टेकल्या. "कित्येक दिवस आमचं छत मुकं होतं. आज परत गुणगुणायला लागलं, तर म्हटलं बघून यावं, कोण वाजवतंय."

"मीच," ती म्हणाली.

तिनं आजींना खुर्ची दिली, दार सताड उघडं ठेवलं आणि गज उचलला.