माउसला हात लावायचा नाही

मी एक जुना संगणक आहे आणि मित्रांनो, या घरातल्या मुलीवर माझा राग आहे.

तिचे बाबा सुतार. बंद पडलेल्या एका कचेरीतून त्यांनी मला आणलं, माझ्यासाठी टेबल केलं आणि साठाव्या वर्षी चुकतमाकत मला शिकून घेतलं. मग गल्लीतले लोक शिकायला येऊ लागले. बाबांचा एकच नियम होता: शिकवणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही. ते आपले हात काखेत दाबून बसत. समोरच्याला उमगलं, की मात्र लहान मुलासारखे खुर्चीत उसळत.

त्या शेवटच्या शनिवारी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींकडून मुलाला लिहिलेलं पत्र चुकून पुसलं गेलं.

"घाबरू नका," बाबा म्हणाले. "भुशात पडलेला स्क्रू भुसा फेकेपर्यंत सापडतो. पडद्यावर भुसा कुठे साठतो, तुम्हीच शोधा बघू."

मावशी शोधत असतानाच मुलगी आली. ती संगणकाच्याच कंपनीत, मोठ्या हुद्द्यावर.

"भुसा काय, स्क्रू काय! काहीही सांगता बाबा लोकांना. सरका मावशी." तिने माउस ओढला, पडद्यावरच्या कचरापेटीवर दोनदा टिचकी मारली. "घ्या तुमचं पत्र."

"पत्र मिळालं गं, पण मला कुठे काय कळलं?" मावशी पुटपुटल्या.

बाबा काखेतले हात काढून उठून गेले. दुसऱ्या दिवशी रंधा मारता मारता ते कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

दीड महिना मी चादरीखाली होतो. मग मुलगी मला भंगारात द्यायला निघाली. ती वायरी उपसत होती, तोच मावशी दारात हजर.

"आधी माझं शिकणं पुरं कर, मग काय द्यायचं ते दे."

"मला नाही जमत शिकवायला, मावशी."

"का? हिसकावायला तर छान जमतं!"

मुलीचा चेहरा उतरला. तिने निमूटपणे वायरी जोडल्या. मावशींनी मुद्दाम एक पत्र पुसलं आणि शोधायला बसल्या. वीस मिनिटं गेली. मुलीचा हात तीनदा पुढे आला, तीनदा मागे गेला. अखेर मावशींनी टेबलावर थाप मारली, "अगं, सापडलं!"

मुलगी हसली. तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, पण शिकणाऱ्याच्या हातून माउस ओढू नका. माझा राग अजून उतरलेला नाही. तरी ती पुढे जे बोलली, ते सांगायलाच हवं.

बाबांच्या खुर्चीकडे बघत ती मोठ्याने म्हणाली, "मला तुमची लाज वाटते, असं वाटलं असेल ना तुम्हाला? तसं नव्हतं हो, बाबा. मला तुमचा हेवा वाटायचा."