उभी लाइन

सोमवारी सकाळी पहिल्या पाळीच्या बायका आत शिरल्या, तर असेंब्लीच्या लांबलचक टेबलापुढचं एकूण एक स्टूल गायब होतं. टेबल होतं, स्प्रिंगांचे आणि स्क्रूंचे डबे होते, बसायला मात्र काही नव्हतं. चोरीच झाली असं वाटून गंगव्वा गेटवरच्या वॉचमनला हाक मारायला निघाली, तेवढ्यात प्रॉडक्शन मॅनेजर प्रणीत समोरून हसत आला.

"आजपासून उभं राहून काम," तो हिंदीत म्हणाला. "बसून बसून अंग जड होतं. उभं राहिलं की हात झरझर चालतो. बघा तुम्ही!" गंगव्वा निपाणीकडची, तिला मराठी येतं, हे आठवून त्यानं तिच्याकडे वळून तेच मराठीतही सांगितलं.

"साहेब, आठ तास?" गंगव्वानं विचारलं.

"सवय होते हो," प्रणीत म्हणाला आणि निघून गेला.

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात विजेचे स्विच बनत. लाइनवर सगळ्या बायकाच. पद्मावतीला ही गोष्ट नाश्त्याच्या सुट्टीत कळली. ती तिथली एचआर मॅनेजर. भरतीपासून भांडणापर्यंत सगळं तिच्याकडे. स्टुलांबद्दल मात्र तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनं प्रणीतला गाठलं.

"मॅडम, तुम्ही आपलं माणूस आहात, तुम्हाला सांगतो," प्रणीत म्हणाला. त्याला पुण्याहून येऊन वर्ष झालं होतं. पद्मावतीचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्यांपासूनचं, की मूळ गाव कुठलं ते वडिलांनाही सांगता येत नसे. तिच्या घरच्या मराठीत 'बरं'ऐवजी 'सरी' आणि 'जरा'ऐवजी 'स्वल्प' असे कन्नड शब्द ऐकून प्रणीतला गंमत वाटायची, पण कामाचं काही निघालं की तो तिला चटकन 'आपलं माणूस' करून टाकायचा. "एका मोठ्या प्लँटमध्ये बघितलं मी. स्टँडिंग लाइन केली आणि आउटपुट कुठल्या कुठे गेलं. आपल्याकडे पण जाणार."

आणि पहिल्या आठवड्यात ते खरंच वाढलं. प्रणीतनं केक कापला.

मग ते घसरायला लागलं. स्विच टेस्टिंगमधून परत येऊ लागले. कुणाची स्प्रिंग उलटी, कुणाचा स्क्रू अर्धा. सकाळी हजेरीला माणसं कमी पडायला लागली. प्रणीतनं भिंतीवर मोठा टीव्ही लावला आणि त्यावर प्रत्येकीचं नाव आणलं. काम पुरं करणारी हिरव्यात, मागे पडलेली लाल अक्षरांत. दुपारपर्यंत टीव्ही बहुतेक लालच दिसे. बायका त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहू लागल्या, तर त्यानं तो समोरच्या भिंतीवर हलवला.

"लाल नावं बोलवा आणि वॉर्निंग द्या," त्यानं पद्मावतीला सांगितलं. "अटिट्यूडचा प्रॉब्लेम आहे. कम्फर्ट झोनमधून बाहेर यायचं नाहीये त्यांना."

सगळ्यांत वर नाव होतं गंगव्वाचं. लाइनवरची सगळ्यांत जुनी बाई. नव्या पोरींना कामाला लावणारी, आणि वेळ आली तर सुपरवायझरला चार शब्द सुनावणारी. ती पद्मावतीच्या केबिनमध्ये आली आणि दारातच उभी राहिली.

"बस की," पद्मावती म्हणाली.

"नको मॅडम. एकदा बसले तर उठायची नाही मी."

"गंगव्वा, तुझं काम असं कसं झालं?"

"माझ्या हाताला काय विचारताय?" गंगव्वा ताडकन म्हणाली. "हात हाय तसाच हाय. पायाला विचारा." तिनं चप्पल काढून पाऊल पुढे केलं. पाऊल सुजून टम्म झालं होतं, चपलेचा पट्टा कातडीत रुतून वळ उठला होता. "वॉर्निंग देणार न्हवं? द्या. कुठं अंगठा मारायचा ते दाखवा. पण मी आळशी झाले असं त्यात लिहिलासा, तर फाडून टाकीन. आताच सांगते."

पद्मावतीनं वॉर्निंग दिली नाही. पण प्रणीतला नुसतं 'पाय सुजलेत' सांगून तो ऐकणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिनं साडीवर निळा एप्रन चढवला आणि सकाळीच लाइनवर जाऊन गंगव्वाच्या शेजारी उभी राहिली.

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. "मॅडम, स्वल्प सरका, डबा घ्यायचाय," कुणीतरी मुद्दाम कोपरानं ढकललं. पद्मावती सरकली. गंगव्वानं तिला दाखवलं. आधी पत्ती, मग स्प्रिंग, मग झाकण, मग स्क्रू. सकाळभर तिला मजाच वाटली. अशी कामं तिला लहानपणापासून आवडायची. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र टाचांत कुणी खिळा ठोकतंय असं वाटायला लागलं. कधी या पायावर भार, कधी त्या पायावर. कंबर धरली. आणि मग एक विचित्र गोष्ट तिच्या लक्षात आली. तिचं मन हातांकडे नव्हतंच. ते सारखं पायांकडे जात होतं. स्प्रिंग उलटी बसली, तिनं झाकण लावलं आणि तो स्विच पुढे गेलासुद्धा. तो परत आला तेव्हा तिच्या बोटांना घाम सुटला होता. समोर टीव्ही लाल झाला होता आणि त्यात आपलं नाव नाही म्हणून तिला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची तिला लगेच शरम वाटली, आणि शरमेच्या मागोमाग राग आला. तो राग घेऊनच ती प्रणीतच्या केबिनमध्ये गेली.

"स्टूल कुठे आहेत?"

"मागच्या स्टोअरमध्ये. विकायचीयेत. का?"

"परत लावा. आज मी स्वतः उभी राहिले. पाय दुखायला लागले की डोकं चालत नाही. हे रिजेक्शन तुमच्या उभ्या लाइननं आणलंय, त्यांच्या अटिट्यूडनं नाही."

प्रणीतनं लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "मॅडम, हा पहिला आठवडा बघा. पोटेन्शियल आहे की नाही त्यांच्यात?"

"पहिल्या आठवड्यात त्या घाबरल्या होत्या."

"मग परत घाबरवू या!" तो हसत म्हणाला. विनोदच केला होता त्यानं, पण पद्मावती हसली नाही.

"उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय द्यावी लागते. फॅक्टरी कायद्यातच आहे ते."

"कायदा माझ्याशी नका बोलू. उद्या चेन्नईचे कस्टमर येतायत, ते निभावू दे. मग बघू."

संध्याकाळी घरी तिनं पाय गरम पाण्यात सोडले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. श्रीहरी बँकेत होता, जपून पावलं टाकणारा माणूस. "कृष्णमूर्तींना भेट की तू," तो म्हणाला. कृष्णमूर्ती म्हणजे कारखान्याचे मालक.

"ते पण उद्या कस्टमरच्या गडबडीत असणार. 'मग बघू' म्हणतील."

"मग थांब ना स्वल्प."

"मी थांबते रे. पण मी खुर्चीवर बसून थांबणार, त्या उभ्यानं थांबणार." तिनं पाणी ढवळलं. "नोकरी गेली तर दुसरी बघेन. सरी?"

श्रीहरीनं किटलीतलं गरम पाणी बादलीत ओतलं.

सकाळी ती पाळी सुरू व्हायच्या आधी पोचली. स्टोअरला कुलूप होतं आणि किल्ली प्रणीतकडे. मग तिनं केबिनमधली स्वतःची खुर्ची उचलली, जिना उतरली आणि गंगव्वाच्या जागेपुढे नेऊन ठेवली. गंगव्वा बघतच राहिली.

"ही एक झाली," पद्मावती म्हणाली. "वर कॉन्फरन्स रूममध्ये आणखी आहेत. चला माझ्याबरोबर."

बायका हलल्या नाहीत. नोकरी तर त्यांचीही जाऊ शकत होती. पद्मावती म्हणाली, "मी सांगितलं म्हणून आणल्या, असं म्हणा. सगळं माझ्या अंगावर ढकला." तेव्हा गंगव्वानं पदर खोचला. "तुमच्या अंगावर कशाला ढकलायचं अक्का, आमास्नी हात न्हाईत होय?" ती म्हणाली आणि जिन्याकडे निघाली. तिच्यामागून सगळ्या निघाल्या. काळ्या, गुबगुबीत, चाकांच्या खुर्च्या जिन्यावरून खाली आल्या. त्या पुरल्या नाहीत, तेव्हा कॅन्टीनचे बाक आले. पाळीचा भोंगा झाला तेव्हा अख्खी लाइन बसलेली होती आणि काम चालू होतं.

प्रणीत पाहुण्यांना घेऊन आला. वरच्या खोलीचं दार उघडलं, तर आत नुसतं टेबल. चेन्नईचे वयस्कर गृहस्थ आणि त्यांची सहकारी दोघं त्याच्याकडे बघत राहिली. खुर्च्या कुठे गेल्या ते प्रणीतला खिडकीतून खाली दिसलं. तो धाडधाड जिना उतरला. कृष्णमूर्ती त्याच्यामागून, आणि काय झालंय ते कळेना म्हणून पाहुणेही मागोमाग.

"हा काय तमाशा आहे?" तो पद्मावतीवर ओरडला. "कस्टमर उभे आहेत वर!"

"असू देत की," पद्मावती शांतपणे म्हणाली. "उभं राहिलं की चपळाई येते, असं तुम्हीच सांगितलंत."

"खुर्च्या उचला!" त्यानं हेल्परांना हुकूम सोडला. दोघं पुढे आले, गंगव्वाच्या खुर्चीला हात लावला. गंगव्वा आपण होऊन उठली. "न्या," ती म्हणाली. मग स्प्रिंगांचा डबा, पत्त्या, स्क्रूड्रायव्हर असं सगळं टेबलावरून काढून तिनं फरशीवर मांडलं आणि भिंतीला टेकून, पाय लांब करून खाली बसली. "आमी हितं बसून करताव. फरशी तरी न्हेऊ नकासा."

तिच्या शेजारची बसली. मग तिच्या पलीकडची. डब्यांचा खडखडाट झाला आणि बघता बघता लाइनवरचं टेबल रिकामं झालं. हेल्पर हातात खुर्ची घेऊन तसेच उभे. कुणाचंही काम थांबलेलं नव्हतं, त्यामुळे काय म्हणून रागवायचं तेही प्रणीतला सुचेना.

पाहुण्यांनी ती फरशी पाहिली, भिंतीवरची लाल नावं पाहिली, आणि "मीटिंग नंतर ठेवू," म्हणून गाडीत बसून गेले.

कृष्णमूर्तींनी पद्मावतीला आत बोलावलं. ते कन्नडमध्ये बोलत, तीही. "पद्मावती, माझी इज्जत घालवलीस तू. स्टूल लावायला सांगतो मी. आजच. पण तू प्रणीतची माफी मागायची. सगळ्यांसमोर."

"स्टूल लावा सर," ती म्हणाली. "माफी मी मागणार नाही."

"तर मग राजीनामा दे."

"तोही देणार नाही. काढायचं असेल तर काढा. पण कशासाठी काढलं, ते कारण लेखी द्या. ते घेऊन मी फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जाईन. बसायला द्या म्हटलं म्हणून काढलं, एवढंच सांगेन त्यांना. जास्त काही नाही."

कृष्णमूर्तींनी फोन उचलून स्टोअरवाल्याला सांगितलं, "प्रणीतकडून किल्ली घे आणि कुलूप काढ."

तिला काढलं नाही. पण त्या वर्षी पगारवाढ मिळाली नाही, आणि प्रणीतनं तिला 'आपलं माणूस' म्हणणं सोडलं. टीव्ही लगेच उतरला नाही. चेन्नईची ऑर्डर तीन महिने लटकली आणि त्याचा दोष कॅन्टीनमध्ये तिच्याच माथी मारला गेला. तिनं तो ऐकून घेतला, पण मान खाली घातली नाही. लाइनवर मात्र परत येणारे स्विच हळूहळू कमी झाले. हजेरी भरली. गंगव्वा फर्मान सोडत हिंडू लागली.

मग वर्षअखेरची मीटिंग आली. प्रणीत पडद्यावर आकडे दाखवत होता. "सीटिंगमध्ये सुधारणा करून आम्ही रिजेक्शन निम्म्यावर आणलं," तो म्हणाला, आणि त्या 'आम्ही'मध्ये फक्त तोच होता.

पद्मावती उठून उभी राहिली.

"एक मिनिट. स्टूल तुम्ही काढली होती. परत आणली ती गंगव्वानं आणि लाइननं, फरशीवर बसून. तसंच सांगा, नाहीतर मी सांगते."

प्रणीतचा चेहरा पडला. कृष्णमूर्ती चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, "लाइनचं नाव घाला त्यात. आणि पद्मावती, तू बस आता."

"बसते सर," ती म्हणाली, पण बसली नाही. "आधी लाइनवरच्या छपराच्या पत्र्याचं बोलू या. एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली माणसं भाजतात. खर्च किती येईल ते मी काढून आणलंय."