पिवळीचं माहेर

आमच्या उत्कर्षाचे बाबा, बळीराम, पोलादाच्या प्लांटातून रिटायर झाले आन घरातच दुसरा प्लांट लावला. कोहक्याच्या आमच्या घरी समोरच्या खोलीत ही मोठी काचेची टाकी, त्यात आफ्रिकेचे मासे. सिक्लिड म्हणते त्याईले. दिसाले देखणे, पण असे भांडखोर का युनियनच्या इलेक्शनात उभे राहतीन. हे सकाळी उठले का पयले टाकीचं थर्मामीटर पायते, मंग माह्याकडं. जलमभर फर्नेस सांभाळली ना, पाण्याची गर्मी मोजल्याशिवाय यांले चहा गोड लागत नाई.

मी तोंड मिटून बसली असं नाई. पण उत्कर्षा पयल्या बाळंतपणाले माहेरी येणार म्हणल्यावर सरळच सांगून टाकलं का इथं पाळणा लागीन, टाकी जाईन. हे हो म्हणले. बोरसीचे धम्मपालभाऊ रेल्वेत हायेत, त्याईलेबी हाच नाद. रविवारी येऊन सगळे मासे नेतो म्हणले.

तेव्हापासून एका पिवळ्या मादीनं खाणं सोडलं. दाणे टाकले का बाकीचे तुटून पडत, ही दगडाआड, तोंड मिटून, गळा फुगवून. तिले समजलं, जायाचं दुःख करून राहिली, असं यांचं म्हणणं. मी म्हणलं, वर्षावासात मीबी उपोसथाचा उपास धरते बाप्पा, पण दुसऱ्या दिवशी जेवते. तर यांनीबी ताटात अर्धी भाकर ठेवली. मंग माह्यं डोकं फिरलं. लग्न होऊन मी इथं हिंदी मुलखात आली तेव्हा कित्येक दिवस माह्या घशाखाली घास उतरत नव्हता, तेव्हा या माणसाले पत्ता नव्हता. आन मासोळीचं दुःख बराबर समजते! हे मी बोलूनबी दाखवलं.

तरी पोळ्या करता करता मीच दोनदा जाऊन पाहून आली, खाल्लं का तिनं म्हणून.

रविवारी धम्मपालभाऊ जाळी घेऊन आले. वाकून पाहिलं आन जाळी खाली ठेवली. बिमार नाई म्हणे, तिच्या तोंडात अंडी हायेत. या जातीची माय पिल्लं मोठी होईस्तोवर तोंडातच सांभाळते, तोवर काही खात नाई. जाळीनं धरली आन घाबरली तर थुंकून टाकीन. पण खोली पायजेच असंन तर नेतो, वाचले ते वाचले.

यांनी माह्याकडं पाहिलंबी नाई. दगड काढाले बाही वर केली. दिलेल्या शब्दाचे पक्के, एवढं मात्र खरं. मले रागबी आला आन भरूनबी आलं.

"राहू द्या तो दगड," मी म्हणलं. "पोटुशी लेक कोणी माहेरातून हाकलते का? पिल्लं झाल्यावर सव्वा महिना राहीन, मंग पाहू."

पाळण्याचं काय, असं यांनी हळूच विचारलं. पाळणा माह्या खोलीत, तुमी झोपा इथं आपल्या लेकीपाशी, असं मी सांगितलं. धम्मपालभाऊ चहा पिऊन रिकाम्या जाळीनं घरी गेले.

उत्कर्षा आली तर दारातच थबकली. "आई, ये टंकी अभी तक यहीं है?"

"तुह्या आधी हिचा नंबर लागला," मी म्हणलं. "ती काही खात नाई. तू तरी पोटभर जेव."

मी वाढाले उठली तर ताटं मांडलेली. इतक्या वर्षांत पयल्यांदा यांनी मांडली होती, आन तीन.

"तूबी बस, नलू," हे म्हणले. "सकाळपासून खाल्लं का तू काही?"

आता विचारते हा माणूस! मले असा राग आला का डोळ्यातून पाणीच आलं.