जोडीनं बसायची रीत

शेलार गावच्या राघोनं गाडी घ्यायची ठरवली तेव्हा गावाला वाटलं, टेम्पो घेईल, फार तर जीप. पोरानं मनात धरलं काय, तर उघड्या टपाची, दोनच माणसं बसतील अशी विलायती स्पोर्ट गाडी. आणि तीही जुनी. आता बोला. त्या वर्षांत भिवंडीच्या आजूबाजूची खाचरं जाऊन गोदामं उभी राहत होती, आणि ज्यांच्या घरात कालपर्यंत सायकल नव्हती त्यांच्या दारात फटफटी लागली होती, हे खरं. पण दोन सीटच्या गाडीत आईला बसवणार कुठं आणि बाजारातनं आणलेली सुकी मासळी ठेवणार कुठं, असं गाव विचारत होतं. गावाचं काही फार चुकत नव्हतं.

राघोचा थोरला भाऊ अनंता ट्रक चालवायचा, भिवंडी ते नाशिक. बाप गेला तेव्हा राघो शाळेत होता. त्याला वाढवला, दटावला, तापात रात्र रात्र मांडीवर घेतला तो अनंतानं. त्यामुळे राघो त्याचा भाऊ कमी आणि पोरगा जास्त. हा पोरगा हातात स्टेअरिंग आलं की वारा प्यालेलं वासरू होतो, हे अनंताला ठाऊक होतं, म्हणून त्याला ही गाडी नको होती. त्याला भीती वाटत होती, आणि ती त्यानं घरात बोलूनही दाखवली होती. राघो म्हणाला, दादूस, तू म्हातारा झालास.

आई बायजाबाई मधे पडली. "देवीला इचारू," ती म्हणाली. "ती हो म्हनली तर घे, न्हाय म्हनली तर परत नाव काढायचं न्हाय."

मंगळवारी गावदेवीच्या देवळात कौल लावला. भगतानं देवीच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवली आणि सगळे हात जोडून बसले. डावं फूल पडलं तर नकार, उजवं पडलं तर होकार. अनंता मनातल्या मनात डाव्या फुलाला विनवत होता. पडलं उजवं. राघो तिथंच नाचायला लागला आणि घरातला विषय संपला.

संपला म्हणजे असा संपला की पुढं तोंड उघडायची सोय राहिली नाही. बायजाबाई ही बैल घेताना दात बघणारी बाई. मासळीचा कल्ला उघडून बघितल्याशिवाय वाटा उचलायची नाही. पण देवीनं एकदा हो म्हटलं की वस्तू तपासायची नाही, हा तिचा कायदा. तपासली म्हणजे देवीवर संशय घेतला. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, ती म्हणायची. मग मिस्त्रीला नेऊन गाडी दाखवायची गोष्टच नको.

शुक्रवारी सकाळी दोघे भाऊ ट्रक घेऊन पडघ्याला गेले. हायवेच्या कडेला केसरीनाथची पत्र्याची शेड होती. हा माणूस फक्त असल्या गाड्यांचा धंदा करायचा. मुंबईच्या शेटलोकांनी हौसेनं परदेशातून आणलेल्या आणि पुढं गॅरेजात गंजत पडलेल्या दोन सीटच्या गाड्या तो उचलून आणायचा, उभ्या करायचा, रंग मारायचा आणि विकायचा. बोलायला गोड. हातात कायम एक पिवळं फडकं. असला धंदा करणारा उभ्या तालुक्यात दुसरा नव्हता, त्यामुळे त्याचा शब्द खोडायलाही कोणी नव्हतं.

राघोनं हेरून ठेवलेली गाडी दारात धुऊन ठेवली होती. हळदीच्या रंगाची, बसकी, लांब नाकाची. खोटं कशाला सांगू, अनंतालाही ती क्षणभर आवडली. राघोनं हार काढला, नारळ काढला, चाकाखाली ठेवायला लिंबं काढली. त्यातलं एक लिंबू घरंगळत गाडीच्या पोटाखाली गेलं. ते काढायला अनंता जमिनीवर आडवा झाला, हात आत घातला, आणि तसाच पडून राहिला.

पुढची चाकं वळवणारा स्टेअरिंगचा रॉड मधोमध जोडलेला दिसत होता. वेल्डिंगची गाठ, आणि तिच्यावर ताजा काळा रंग. असल्या रॉडला कोणी वेल्डिंग मारत नाही. तो तुटला तर चाक एकीकडं जातं आणि स्टेअरिंग हातात नुसतं गरगरत राहतं. मोडला की नवा घालायचा, हे ट्रकवरचा क्लीनरसुद्धा सांगेल. पण विलायती गाडीचा नवा रॉड पडघ्यात आणायचा कुठून? गाठ वेल्डिंगची की रंगाच्या पोपड्यांची, हे अनंताला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. पण लिंबू तिथंच सोडून तो उठला.

त्यानं राघोला बाजूला घेतलं. "राघो, खाली रॉडला वेल्डिंग हाय. नको घेऊ."

"झालं तुझं सुरू," राघो म्हणाला. "पयल्यापास्नं तुला ही गाडी नको व्हती. देवीपरीस तुला जास्ती कळतं काय?" आणि केसरीनाथकडं वळून हसत हसत म्हणाला, "शेट, आमचा दादूस म्हनतो, रॉडला वेल्डिंग हाय."

केसरीनाथही हसला. "जुनी गाडी म्हटली की दोन ठिकाणी वेल्डिंग निघायचीच हो. आणि तुमच्या देवीनं कौल दिलाय म्हणालात ना? मग तिच्याहून मोठी ग्यारंटी मी कोण देणार?"

हे बोलताना तो अनंताकडं बघत नव्हता. बॉनेटवर फडकं मारत होता, जिथं आधीच लख्ख होतं तिथंच. अनंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवीला ह्यानं आपल्या दुकानाच्या गल्ल्यावर आणून बसवली होती. पण करणार काय? भांडण काढलं तर राघो तिथल्या तिथं गाडीत बसेल आणि नाशिकच्या बाजूला सुसाट सुटेल, मग रॉड बोलेल काय बोलायचं ते.

तेवढ्यात शेडच्या मागच्या खोलीतनं केसरीनाथची बायको तुळजा चहा घेऊन आली. साधी, चाळिशीची बाई, हात राखेनं पांढरे झालेले. तिला बघितलं आणि अनंताच्या तोंडातनं शब्द निघाले. ते कुठून आले, हे त्याला पुढं कधी सांगता आलं नाही.

"शेट, एक रीत राह्यली हाय आमची," तो म्हणाला. "कौलाची वस्तू घेनाऱ्यानं न्हाय न्यायची. देनाऱ्यानं आनून द्यायची, देवळापर्यंत, आणि जोडीनं. नवरा-बायको दोघांनी बसून. पैसं देवीपुढं घ्यायचं, नारळ तुमच्याच हातानं फुटंल."

असली रीत शेलारात कधी नव्हती. राघो त्याच्या तोंडाकडं बघत राहिला, पण परक्यापुढं थोरल्या भावाला खोटं पाडण्याइतका तो वाया गेला नव्हता. शिवाय खरंच असेल रीत, आपल्याला काय ठाऊक, असंही त्याला वाटलं असणार.

केसरीनाथचं फडकं थांबलं. "मी आणून देतो की एकटा. हिचं तिथं काय काम?"

"एकट्यानं चालत न्हाय."

"घरात काम पडलंय तिला."

अनंता मनात म्हणाला, आला जाळ्यात. आता म्हणेल आज राहू द्या, रॉड एकदा बघून घेतो. आता म्हणेल. पण म्हणाली ती तुळजा. तिनं कपबश्या ओट्यावर ठेवल्या आणि पदराला हात पुसले. "मी येते ना. लग्न झाल्यापास्नं ह्या गाड्या पुसते, एकीत बसले न्हाय कधी. थांबा हां, लुगडं बदलून येते."

ती आत गेली. केसरीनाथ गाडीकडं बघत होता, मग राघोच्या खांद्यावरच्या पैशांच्या पिशवीकडं, मग परत गाडीकडं. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि सकाळ तर गार होती. अनंता त्यानं तोंड उघडायची वाट बघत होता. माणूस आहे, कसाई नाही, बोलेल. तुळजा बाहेर आली ती हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून. नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाला, "चला."

गाडी हायवेला लागली. मागं अनंताचा रिकामा ट्रक, केबिनमध्ये त्याच्या शेजारी राघो. अनंता डाव खेळायला गेला आणि समोरच्यानं डावावर बायको लावली, ह्याला काय म्हणायचं? आणि त्या बाईला डावावर ठेवायला सांगितलं कोणी? अनंतानंच. केसरीनाथ बोलला नाही, ठीक. पण अनंता तरी कुठं बोलला? त्यानंही तिला दार उघडून बसू दिलं होतं.

पुढं तुळजाचा पदर वाऱ्यावर उडत होता. तिनं एकदा मागं वळून हात हलवला. नवऱ्याच्या दंडाला बोट लावून ती पुढं काहीतरी दाखवत होती, जोरात घ्या म्हणत असावी. गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं चालली होती. ट्रकवाले भोंगे वाजवून, शिव्या घालून पुढं जात होते.

"असा काय चालवतोय हा?" राघो वैतागला. "एवढी जबर गाडी, आणि मयताला चालल्यासारखा."

"कारन त्याला म्हाईत हाय," अनंता म्हणाला.

"काय म्हाईत हाय?"

अनंतानं हनुवटीनं पुढं दाखवलं. राघोनं पुढं बघितलं. केसरीनाथ सीटला पाठ न टेकवता पुढं वाकला होता, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, अंधारात चाचपडत चालणाऱ्या माणसासारखा. राघो बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "दादूस," तो म्हणाला, "पुढं उतार हाय."

उतार होता, खाली ओढ्यावरची मोरी होती, आणि मोरीला कठडा नव्हता. मागून एक टँकर आला, ट्रकला घासून पुढं गेला आणि त्या पिवळ्या गाडीच्या अगदी कानाशी जाऊन त्यानं भोंगा दिला. गाडी दचकून डाव्या अंगाला गेली, सावरली, परत गेली. तुळजानं दरवाजा धरला. अनंतानं पुढचा विचार केला नाही. त्यानं ट्रक काढला, गाडीच्या पुढं घातला आणि उताराच्या तोंडाशीच रस्त्यात आडवा लावला. केसरीनाथनं ब्रेक दाबला. गाडी हातभर अंतरावर थांबली.

अनंता उडी मारून खाली उतरला. "उतरा वयनी," तो म्हणाला. "आधी खाली उतरा."

"काय झालं?" तुळजा उतरली. "रीत चुकली काय काही?"

"रीतबीत कायबी न्हाय. मी खोटं बोललो. खालचा रॉड जोडलेला हाय, आन त्यो उतारावर तुटला तर मानूस वाचत न्हाय. शेट आपल्या बायकोला त्यात बसवतात का, एवढंच मला बघायचं व्हतं."

राघो तोवर पांढऱ्या कपड्यांनिशी रस्त्यात आडवा झाला होता. गाडीखाली हात घालून त्यानं त्या गाठीवर नख ओढलं. रंग निघाला, खालची वेल्डिंग निघाली, आणि वेल्डिंगमधली केसासारखी चीर निघाली. मग तो उठला. पिशवी छातीशी धरून भावाच्या जवळ जाऊन उभा राहिला, लहानपणी उभा राहायचा तसा.

तुळजा नवऱ्याकडं बघत होती. केसरीनाथ अजून गाडीतच होता, हात चाकावर.

"अगं, म्हणून तर हळू चालवत होतो ना मी," तो म्हणाला.

वरनं गाड्या येत होत्या, थांबत होत्या, भोंगे वाजवत होत्या. तुळजानं विस्कटलेला पदर नीट खांद्यावर घेतला.

"बस, चल," केसरीनाथ म्हणाला. "परत जाऊ हळूहळू."

"तुम्ही आना," ती म्हणाली. "तुम्हाला जमतं हळू चालवायला." मग अनंताला म्हणाली, "भाव, कामतघरला माझं म्हायेर हाय. तिथवर सोडाल?"

अनंतानं तिला हात देऊन केबिनमध्ये चढवलं. राघो सरकून मधे बसला. ट्रक सरळ करून अनंता उतार उतरला, मोरी ओलांडली. आरशात ती पिवळी गाडी तिथंच उभी दिसत होती.

बऱ्याच वेळानं राघो पुटपुटला, "आयेला काय सांगायचं? कौल उजवा व्हता."

"सांग, देवीनं घ्या म्हटलं व्हतं, आमीच न्हाय घेतली. काय शिव्या द्यायच्या त्या मला देऊ दे."

भिवंडी जवळ आली. अनंताला त्या बाईची माफी मागायची होती, पण कुठल्या तोंडानं मागायची ते सुचत नव्हतं. आपला पोरगा वाचला ह्याचा आनंद त्याला झाला होता, खूप झाला होता, आणि त्या आनंदाचीच त्याला लाज वाटत होती. कामतघरच्या चाळी आल्या, कापडाच्या लूमचा खडखडाट कानावर यायला लागला. तुळजानं एका गल्लीच्या तोंडाशी थांबायला सांगितलं. उतरताना पायरीवर थांबून ती म्हणाली, "भाव, तुम्ही ती गाठ शेडमधीच बघितली व्हती ना?"

"व्हय," अनंता म्हणाला. "संशय व्हता. खात्री नव्हती."

"त्यांना खात्री व्हती, तुम्हाला संशय व्हता," ती म्हणाली. "आन बसले मी."

ती गल्लीत शिरली. अनंता ट्रक चालू ठेवून तसाच बसून राहिला. मागचा रिक्षावाला खाली उतरून दारावर थापा मारायला लागला, तेव्हा राघोनं हळूच भावाच्या हाताला हात लावला.