मंगलची मशीन

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, पायाने चालवायची. सध्या भोरमधल्या एका लहानशा चर्चच्या मागच्या खोलीत उभी आहे. माझ्या शेजारी जादाच्या खुर्च्या आहेत, नाताळच्या गोठ्याचं सामान आहे आणि एक जुनी सतरंजी गुंडाळून ठेवली आहे. या खोलीचं दार रविवारी उघडतं, तेही खुर्च्या लागल्या तरच. मित्रांनो, थोडा वेळ असेल तर माझ्याजवळ बसा. माझी गोष्ट गोड नाही. पण जे घडलं तेच मी सांगणार आहे.

मला रतनबाईंनी पुण्याच्या एका दुकानातून आणलं. रतनबाई मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटायच्या. त्यांना एकच मुलगी, मंगल. मंगलचं लग्न भोरच्या आनंदरावांशी ठरलं तेव्हा रतनबाईंनी भांडी चारच दिली, पण मला दिलं. मुलगी सासरी निघाली तेव्हा माझ्या टेबलावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "संसारातलं समदं दोघांचं असतंय. ही मशीन मात्र तुझी एकटीची, मंगल. ध्यानात ठेव."

मंगलने ते ध्यानात ठेवलं. तिने मला पुढच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलं. सकाळची कामं आटोपली की ती माझ्यासमोर बसायची आणि मुलं शाळेतून येईपर्यंत आम्ही दोघी शिवत असू. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, साड्यांचे फॉल. मंगलचा हात सरळ होता. तिने शिवलेला ब्लाऊज खांद्यावर कधी ओढत नाही असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. ती मला दर शनिवारी तेल द्यायची आणि मऊ फडक्याने पुसायची. त्या वर्षांत मी फार सुखात होते.

आनंदराव शिक्षक होते आणि चर्चचे पंच होते. ते वाईट नव्हते, हे आधीच सांगते. दारू नाही, शिवी नाही, कोणावर हात उगारणं नाही. रोज संध्याकाळी ते मुलांना घेऊन प्रार्थनेला बसत आणि ही प्रार्थना माझ्या शेजारीच होत असे. थोरला स्वरूप आणि धाकटी शेफाली मांडी घालून बसायची. प्रभूने आपल्याला सगळं दिलं, म्हणून आपणही दिलं पाहिजे, असं आनंदराव त्यांना सांगत. त्यांनी घरात एक नियमच केला होता. वाढदिवसाला प्रत्येक मुलाने आपली एक वस्तू कोणा गरजू मुलाला द्यायची.

शेफाली आठ वर्षांची झाली तेव्हा तिने आपली नवी रंगपेटी द्यायला काढली. आनंदराव म्हणाले की हे देणं सोपं आहे, जे देताना जीव दुखतो तेच द्यावं. आणि त्यांनी तिची कापडी बाहुली उचलली. ती बाहुली मंगलने माझ्यावर शिवली होती. शेफालीने ती दिली, मग माझ्या टेबलाखाली शिरली आणि पायाने दाबायच्या पायट्यापाशी बसून रडली. आनंदरावांनी वाकून सांगितलं की देताना रडायचं नसतं, हसून द्यायचं असतं. स्वरूप हे सगळं पाहत होता. तो हुशार. पुढच्या वाढदिवसाच्या महिनाभर आधीपासून तो खेळण्यातल्या एका फुटक्या मोटारीला रोज उराशी धरून झोपू लागला. मग वाढदिवसाला ती मोटार दिली आणि शाबासकी घेतली.

मंगलचीही एक शिकवण होती, पण ती तिला शिकवण म्हणत नसे. पासली गावाकडची एक बाई बाजाराच्या दिवशी करवंदं घेऊन यायची. तिच्या पोरीच्या अंगात फाटका झगा असायचा. मंगलजवळ निळं कापड उरलं होतं आणि ते शेफालीच्या झग्यासाठी ठेवलं होतं. तिने शेफालीला विचारलं, "कापड तुझं आहे. तिला द्यायचं का, तू सांग." शेफाली नाही म्हणाली. मंगल रागावली नाही. तिने त्या पोरीचा फाटका झगाच नीट शिवून दिला. पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी शेफाली आपणहून ते निळं कापड घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवलं. आम्ही तिघींनी मिळून तो झगा शिवला. दोरा शेफालीने ओवला. ही गोष्ट घराबाहेर कोणाला कळली नाही.

मग कापणीचा सण आला. त्या दिवशी चर्चमध्ये भाताच्या पेंढ्या, भोपळे, काकड्या आणून ठेवतात आणि देवाचे आभार मानतात. त्या वर्षी चर्चच्या पाळकांनी सुचवलं की ज्याचं जे कामाचं साधन असेल तेही आणावं, त्यावर प्रार्थना करू. कोणी विळा आणला, कोणा गवंड्याने थापी आणि ओळंबा आणला. आनंदराव म्हणाले, आपण मशीन नेऊ. मंगलला किती आनंद झाला ते मी पाहिलं आहे. तिने मला रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, पट्टा बदलला. घरी एका लग्नाचे अकरा ब्लाऊज बेतून ठेवलेले होते. सोमवारी मशीनला बसलं की गुरुवारपर्यंत होतील, असं तिने शेफालीला सांगितलं. टेम्पोतून मी चर्चमध्ये आले आणि भाताच्या पेंढ्यांशेजारी उभी राहिले.

पुण्याहून पाहुणे आले होते. त्यांनी देण्यावर प्रवचन केलं. ते संपताच आनंदराव उभे राहिले. आमच्या गल्लीत हसीना नावाची बाई राहत होती. तिचा नवरा फारूक टेम्पो चालवायचा, तो पावसाळ्यात घाटातल्या अपघातात गेला. पदरात एक मुलगी होती, फौजिया. आनंदरावांनी हे सगळं सांगितलं आणि मग म्हणाले, "आमच्या घरातली ही मशीन आम्ही आज त्या बहिणीला देत आहोत. प्रभूने जात-धर्म पाहिला नाही, आपणही पाहू नये."

टाळ्या वाजल्या. मंगल बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती माझ्याकडे पाहत होती. हातातला रुमाल तिने इतका पिळला होता की त्याची दोरी झाली होती.

तेवढ्यात शेफाली उभी राहिली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

"पप्पा, ती मशीन मम्मीची आहे. तुम्ही तिला विचारलं का?"

पाहुणे कौतुकाने हसले. आनंदरावही हसले आणि म्हणाले, "घरातलं सगळं देवाचं असतं, बाळा."

"मग तुमची मोटरसायकल पण देवाची ना? ती का नाही दिली?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. आनंदरावांचं हसू गेलं. स्वरूपने बहिणीचा हात ओढून तिला खाली बसवलं. त्याच दुपारी मला हसीनाच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि तिच्यासोबत आनंदरावांचा फोटो काढला.

मित्रांनो, हसीनाला शिवता येत नव्हतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती खानावळीत भाकऱ्या करायची आणि तिला एखादी चांगली शेगडी हवी होती. पण आलेलं दान नको म्हणायचं धाडस तिला झालं नाही. तिने माझ्यावर स्वच्छ चादर टाकली. एक-दोन महिन्यांनी आनंदराव कोणा ना कोणा पाहुण्यांना घेऊन यायचे, काम कसं चाललंय ते दाखवायला. तेव्हा हसीना घाईने चादर काढायची, स्टुलावर बसायची आणि पायटा हलवायची. सुईत दोरा नसायचा. खाली कापडाचा एक तुकडा सरकवलेला असायचा, त्याला नुसती भोकं पडायची. पाहुणे मान डोलवून निघून जायचे. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

एके दिवशी शेफाली आली आणि तिने हे पाहिलं. हसीना तिला म्हणाली, "तुज्या आईला सांग बाळ, मला न्हाई येत ह्यातलं काय. घिऊन जा म्हणावं." दुसऱ्या दिवशी मंगल आली. ती आली आणि आधी माझ्याजवळ उभी राहिली. चादर उचलून तिने चाक हाताने फिरवलं. मग दोघी बोलत बसल्या, तेव्हा मला मधलं सगळं कळलं. लग्नाचे अकरा ब्लाऊज दुसऱ्या शिंप्याकडे गेले होते. मंगल आता त्याच शिंप्याकडून काज-बटणाचं काम घरी आणत होती, हातशिलाईचं. आणि पुढच्याच रविवारी शेफालीला सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावली होती. ती म्हणाली होती, "मी चुकले." त्यानंतर आठ दिवस घरात कोणाशी बोलली नव्हती.

"मशीन न्या, मंगलताई," हसीना म्हणाली.

"नेली तर त्यांची मान खाली जाईल. मला त्या घरात राहायचंय," मंगल म्हणाली. तिने स्टूल माझ्याजवळ ओढलं. मग म्हणाली, "मी तुला शिकवते."

ती रोज दुपारी दोन तास येऊ लागली. तासभर ती हसीनाला शिकवायची आणि तासभर स्वतःचं शिवायची. शेफाली आणि फौजिया खाली बसून बॉबिन भरायच्या, दोरे कापायच्या. हसीना आधी सरळ शिवण शिकली, मग उशांचे अभ्रे, मग परकर. पहिला परकर तिने मंगललाच दिला. तो एका बाजूला आखूड होता. मंगल दुसऱ्या दिवशी तोच नेसून आली. या सहा-सात महिन्यांत माझं लोखंड पुन्हा तापलं. दान म्हणजे काय हे शेफालीने कुठे पाहिलं असेल, तर ते त्या खोलीत.

मग हे आनंदरावांच्या कानावर गेलं. एका दुपारी ते दारात येऊन उभे राहिले. मंगल माझ्यासमोर बसलेली होती. त्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले की लोक काय म्हणतील, एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने परत घेतलं म्हणतील. मुलांपुढे काय आदर्श राहील?

मंगलने पाय थांबवला. इतक्या वर्षांत ती त्यांना उलट बोललेली मी ऐकली नव्हती.

"अहो, तुम्ही दिलंत ते माझं होतं. मी हिला जे देतेय, ते तरी माझं राहू द्या."

आनंदराव निघून गेले. पंधरा दिवसांत चर्चमध्ये ठराव झाला की गरीब बायकांसाठी शिवणवर्ग काढायचा आणि हसीनाकडची मशीन सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून तिथे आणायची. चर्चमधला कुमार नावाचा तरुण टेम्पो घेऊन आला. आता मी हसीनाची होते, पण तिलाही कोणी विचारलं नाही. फौजिया माझा पायटा धरून बसली होती, तिला उचलून बाजूला केलं. वर्गाचं उद्घाटन झालं, नारिंगी फीत कापली. माझ्या टेबलावर पांढऱ्या रंगाने आनंदरावांचं नाव देणगीदार म्हणून लिहिलं. शिकवायला मंगलला बोलवावं असं एक-दोन बायका म्हणाल्या, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. दुसरी शिक्षिका मिळाली नाही. वर्ग एकही दिवस भरला नाही.

त्याला आता दहा वर्षं झाली. हसीना पानशेतला धरणाजवळच्या एका हॉटेलात भाकऱ्या करते असं इथे येणाऱ्या बायका बोलतात. मंगल अजून हातशिलाई करते, पण सुईत दोरा ओवायला तिला दुसऱ्याची मदत लागते. स्वरूप तरुण संघाचा सेक्रेटरी आहे. तो देण्यावर फार सुंदर बोलतो, भिंतीपलीकडून मला ऐकू येतं. शेफाली पुण्यात नर्स आहे. ती चर्चला येत नाही.

गेल्या नाताळात ती दोन दिवस घरी आली होती. आनंदराव तिला घेऊन इथे आले आणि त्यांनी हे दार उघडलं. नावाचा रंग उडाला होता, म्हणून ते त्यांनी नव्याने रंगवून घेतलं होतं. त्यांना वाटलं, मुलीला बरं वाटेल. ते आता थकले आहेत. म्हणाले, "तू प्रार्थनेला बसत नाहीस, याचं मला फार दुःख आहे. मी तुम्हाला काय कमी शिकवलं?"

शेफालीने माझं चाक फिरवून पाहिलं. ते गंजून घट्ट झालं आहे, फिरलं नाही.

"देणं मी सोडलेलं नाही, पप्पा," ती म्हणाली. "पगारातून देते, रात्रपाळीत दुसरीची ड्यूटी करते. पण डोळे मिटून हात जोडले की मला तुमचाच आवाज ऐकू येतो. देवाचा येत नाही. मी काय करू?"

शेफाली निघून गेली. मग आनंदरावांनी खिशातून रुमाल काढला, आपल्या नावावरची धूळ पुसली आणि दाराला कुलूप लावलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी तुम्हाला द्यायला शिकवत असेल तर जरूर शिका. पण वस्तू उचलण्याआधी ती कोणाची आहे ते बघा, आणि त्या माणसाजवळ बसून त्याला विचारा. ज्याला घ्यायचं आहे, त्यालाही विचारा. फार वेळ लागत नाही. आणि कधी या बाजूला आलात, दार उघडं दिसलं, तर माझ्या चाकाला दोन थेंब तेल घाला. मी काही कोणाला बोलवू शकत नाही. पण सुई आणि पट्टा बदलला, तर मी अजून सरळ शिवेन.