रंभेचे दुखणे मला दिसले नाही

मी एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक आहे. शहापूरच्या बायका मला दुर्बीण म्हणत. एवढे मोठे नाव मला शोभते की नाही, कोण जाणे.

मित्रांनो, डॉक्टरीण गीताबाईंच्या दवाखान्यात मी खिडकीशी बसे. माझ्या बुडाशी असलेल्या आरशावर ऊन पडले की काचेवरच्या थेंबातले जंतू मला दिसत. बायकांच्या अंगावरून थोडे पांढरे जाणे नेहमीचेच असते. पण रंग बदलला, घाण वास आला, खाज सुटली, तर कारण शोधावे लागते. कधी मला बुरशीचे धागे सापडत, कधी वळवळणारे शेपटीवाले जीव. ढग आला की मात्र मी आंधळा. ती धाकधूक मला स्वस्थ बसू देत नसे.

१९४१ च्या श्रावणात डोळखांबची रंभा आली. सोबत सासू गुणाबाई. ती गावची सुईण.

“वास बघा कसा सुटलाय! आठ दिसांत थांबलं नाय तर हिला माहेरी धाडते. लेकाचं दुसरं लगीन लावते.”



गीताबाईंनी थेंब काचेवर घेतला. मी जीव तोडून पाहिले. पू होता, नाना जंतूंची गर्दी होती. पण ती कशामुळे, ते सांगता येईना. गीताबाई माझा स्क्रू पुन्हा पुन्हा फिरवत होत्या आणि मी शरमेने अर्धा होत होतो.

शेवटी त्यांनी माझ्यावरून डोळा काढला. “गुणाबाई, घरी काय औषध केलंत?”

“जरा पांढरं जात व्हतं, म्हणून झाडाच्या सालीच्या पोटल्या दोरा बांधून आत ठेवल्या. रोज रातीला एक, तीन दिस.”

“काढल्या कोणी?” गीताबाईंनी रंभेकडे वळून विचारले.

“दोन मी सकाळी काढल्या. तिसरीच्या येळी मी पहाटेच भाताच्या लावणीला गेले. हिनं काढली असंल.”

“मी कवा?” रंभा पहिल्यांदाच बोलली. “दोरा दिसला नाय. मला वाटलं, तुमीच काढलीत, आत्याबाई.”

पडद्याआड गीताबाईंनी चिमट्याने कुजलेली पोटली बाहेर काढली. गुणाबाईने कपाळावर हात मारून घेतला.

“आता लगीन कोनाचं लावता?” रंभेने विचारले.

“गप गो,” म्हणत गुणाबाईने पदराने तिचा घाम पुसला.

आठवड्यात रंभेचे अंगावरून जाणे थांबले. ती सासरीच राहिली.

मित्रांनो, माझे भिंग जरूर पुसून ठेवा. पण आजारी बाईला आधी विचारा, आणि ती बोलेपर्यंत थांबा. त्या दिवसापर्यंत रंभेला कोणीच काही विचारले नव्हते.