नमुन्याचं पत्र

सुनेत्राने पाचव्यांदा ‘ह’ काढला आणि ग्राफ पेपर प्रतापकडे सरकवला. त्याने तो खिडकीच्या उजेडात धरला, पेन्सिलीच्या टोकाने चौकोन मोजले आणि परत तिच्यापुढे ठेवला.

“शेपटी बाहेर जातेय.”

“‘ह’ची शेपटी तशीच असते.”

“तुझ्या ‘ह’ची असते. मशीन मला उंचीला चोवीस ठिपके देतं. चोवीसात बसव.”

तिने सहावा ‘ह’ काढला, जरा अंग चोरून बसल्यासारखा. प्रताप खूश झाला. “जमतं की! उगाच हट्ट करतेस.”

ऑगस्टातला शनिवार होता. न्याहारीच्या बशा उचलल्यापासून दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती आणि गाडी आत्ताशी ‘ह’पर्यंत आली होती. पुढे जोडाक्षरं होती. शेगडीवर कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा सुनेत्रा उठली, तर प्रतापने घड्याळाकडे पाहिलं. जसा काही तिने ऑफिसातून अर्धा दिवस मागितला होता.

क्युपर्टिनोतल्या त्या घराच्या गराजमध्ये तीन कॉम्प्युटर होते आणि तिघांपैकी एकालाही मराठी येत नव्हतं. त्यामुळे महाराष्ट्र मंडळाचा अंक गेली सहा वर्षं सुनेत्रा हाताने लिहीत होती. संपादक राजीव मजकूर आणून द्यायचा, ती तो काळ्या शाईने वीस-बावीस पानांवर उतरवायची आणि मग त्याच्या झेरॉक्स दीडशे घरांत जायच्या. अंकात सगळ्यात आधी वाचलं जायचं ते ‘प्रतापचं मत’. कुणी गाडी घ्यायची तर आधी प्रतापला फोन करायचा, मग बँकेला. अमेरिकन गाड्या म्हणजे चाकं लावलेले सोफे, असं त्याने एकदा लिहिलं आणि त्या वर्षी मंडळातल्या नऊ जणांनी जपानी गाड्या घेतल्या. मुलांना व्हिडिओ गेम देऊ नका, सोल्डरिंगची लोखंडी कांडी द्या, असं लिहिलं. ते मात्र कुणी मनावर घेतलं नाही. बोलणाऱ्या बाहुल्यांवर तर त्याने पान भरून लिहिलं होतं. त्यासाठी नऊ वर्षांच्या उत्तराची वाढदिवसाची बाहुली त्याने पाठीतून उघडली आणि आतली टिकलीएवढी तबकडी काढून सिद्ध केलं, की ही बोलत नाही, नुसती वाजते. त्यानंतर ती वाजेनाशीही झाली. उत्तरा तिला पाठीवर बँडेज लावून घरभर हिंडवायची.

जूनच्या अंकात त्याने संसारावर मत दिलं होतं. गाडीला दोन स्टिअरिंग नसतात, तसं घरातही निर्णय घेणारं माणूस एकच असावं, नाहीतर अपघात ठरलेला. तेही सुनेत्रानेच सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. अंक पोचला त्या संध्याकाळी राजीवच्या बायकोचा, मृणालिनीचा फोन आला.

“काय गं, पटतं का तुला हे?”

“मी नुसतं उतरवते.”

“अक्षर मात्र मोत्यासारखं हं. त्यामुळे खोटं वाटत नाही बघ.”

शेवटच्या पानाच्या तळाशी ‘अक्षर: सुनेत्रा’ अशी एक ओळ असायची. मंडळाच्या कार्यक्रमात अनोळखी बायका येऊन म्हणायच्या, अय्या, त्या अक्षरवाल्या तुम्हीच का? या देशात तिला तिच्या नावाने ओळखणारी तेवढीच जागा होती. एरवी ती प्रतापची बायको आणि उत्तराज मॉम.

आता प्रताप त्या अक्षराचा फॉन्ट करत होता. एकदा का अक्षरं मशीनमध्ये गेली की राजीव आणि तो एका दुपारी अंक काढणार होते. “तुझा किती वेळ वाचेल,” तो म्हणाला होता. वाचवून तो कुठे ठेवायचा, हे त्याने सांगितलं नव्हतं.

‘ह’ संपला तेव्हा सुनेत्राने विचारलं, “डिसेंबरात मी आणि उत्तरा जाऊन येऊ का? आईचा एक डोळा तर गेलाच. दुसऱ्यातला मोतीबिंदू अजून पिकला नाही म्हणतात. भेटून यावंसं वाटतं.”

“डिसेंबरात? समरला जाऊ की सगळेच.”

“मागच्या दोन समरलाही हेच ठरलं होतं.”

प्रतापने पेन्सिल खाली ठेवली. आपण न्यायी माणूस आहोत याबद्दल त्याची खात्री होती. “असं कर, आईंनाच विचार. त्यांनी ये म्हणून लिहिलं तर जा. मी अडवणार नाही. पण नको म्हणाल्या, तर मग विषय बंद. फेअर?”

सुनेत्राला वाटलं, जिंकले. आई कशाला नको म्हणेल? तिने त्याच दुपारी अमरावतीला पत्र टाकलं.

टाकताना हात जरा अडखळला, कारण आईला लिहिलेलं पत्र आईचं नसे. तीन वर्षं आईला अक्षर लागत नव्हतं. भावाची बायको लतिका वाचून दाखवायची आणि उत्तरही तीच लिहायची. त्यामुळे सुनेत्राच्या पत्रांत काही लिहायची सोयच राहिली नव्हती. मन फारच भरून आलं की ती लिहायची, ‘इकडे फार थंडी पडली आहे.’ कॅलिफोर्नियात कसली थंडी? पण तेवढ्यावरून आई काहीतरी विचारेल, अशी तिला आशा असे. लतिका उलट लिहायची, ‘स्वेटर घालत जा.’ या वेळीही सुनेत्राने बेतानेच लिहिलं: डिसेंबरात यावं असं मनात आहे, आईची काय इच्छा? सप्टेंबरात लतिकाचं उत्तर आलं. ‘आई म्हणतात, तुमच्या सोयीने.’

“म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही,” प्रताप म्हणाला. “अजून एक लिही.”

दरम्यान गणपतीचा अंक मशीनवर निघाला. अक्षरं तिचीच होती, फक्त सगळी एका मापाची, शाळेच्या कवायतीला उभी केल्यासारखी. शेवटच्या पानावर ओळ होती, ‘अक्षररचना: प्रताप’. सुनेत्राने ती वाचली, अंक घडी करून ठेवला आणि मोदकांची उकड काढायला गेली.

ऑक्टोबरच्या मध्यावर आईचं पत्र आलं. पाकिटावरचा पत्ता लतिकाने घातला होता, पण आतला कागद पाहून सुनेत्रा दारातच उभी राहिली. एकेक अक्षर बोराएवढं, ओळी उतारावरून घसरलेल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा आईचा हात.

‘चि. सौ. सुनेत्रास अनेक आशीर्वाद. तुझे मोठ्या अक्षरातले पत्र मिळाले. मी स्वतः वाचले. कोणाला हाक मारावी लागली नाही. अक्षर अगदी तुझे. लतिका वाचायची तेव्हा मधेच थांबायची, मला वाटे, ती काही गाळते आहे, पोर तिकडे सुखात नाही. जिवाला घोर होता. आता तूच लिहिलेस की मी फार सुखात आहे, काही कमी नाही. डोळ्याने वाचले, म्हणून विश्वास बसला. तर आता माझ्यासाठी डिसेंबरात यायची धडपड करू नकोस. संसार सोडून येऊ नये. पत्र उशाशी ठेवले आहे, रोज वाचते. यापुढे असेच मोठे लिहीत जा.’

सुनेत्राने ते दोनदा वाचलं. मग गराजमध्ये गेली. प्रताप एका उघड्या कीबोर्डमध्ये डोकं घालून बसला होता.

“तुम्ही आईला पत्र पाठवलंत?”

“कधी? हां, ते टेस्ट पेज! फॉन्ट पुरा झाला त्या दिवशी काढलेलं. टेस्टला काहीतरी मजकूर लागतो ना. बत्तीस पॉइंटात इतकं क्लीन आलं, म्हटलं वाया कशाला घालवायचं, टाकू पोस्टात.”

“माझ्या नावाने?”

“अक्षर तुझं होतं. खाली माझं नाव विचित्र दिसलं असतं.”

“काय लिहिलंत त्यात?”

“लिहिणार काय? सगळे मजेत आहोत, वगैरे. पत्रात जे असतं ते.” त्याने एक फ्लॉपी शोधून मशीनमध्ये सारली. स्क्रीन उजळला. ‘तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. मी इथे फार सुखात आहे. काही कमी नाही. यांनी नवीन प्रिंटर घेतला आहे, त्याचे हे अक्षर.’ पुढे प्रिंटरबद्दल सहा ओळी होत्या. ‘सुखात’मधला ‘ख’ तिने तीनदा काढून दिला होता, तोच होता.

तिने आईचं पत्र त्याच्यापुढे धरलं. तो वाचू लागला आणि वाचता वाचता त्याचा चेहरा फुलत गेला.

“म्हणजे मोतीबिंदूवाल्यालासुद्धा वाचता येतं! सुनेत्रा, कळतंय का तुला? हे अंकात यायलाच हवं.”

“खालचं वाचलंत?”

“वाचलं. धडपड करू नकोस म्हणतायत. मी काही म्हटलं नाही हं, त्यांचंच मत. समरला जाऊ, फिक्स.”

उत्तरा बाहुली घेऊन दारात आली होती. “सो वी आर नॉट गोइंग टु आजी?”

“नेक्स्ट समर, बेटा,” प्रताप म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.

दोन दिवसांत सुनेत्राने हवाई टपालाचे तीन एअरोग्राम लिहून फाडले. ‘ते पत्र माझं नव्हतं’ हे वाक्य लतिकाच्या तोंडून आईच्या कानावर कसं पडेल, ते तिला ऐकू येत होतं. त्याला उत्तरही लतिकाच लिहिणार. आणि आई उशाशी ठेवलेला कागद काढून म्हणणार, छे, हे बघ ना, तिचं अक्षर.

शनिवारी सकाळी तिने प्रतापचा चहा गराजमध्ये नेऊन ठेवला.

“मला शिकवा हे. आईला लिहायचंय.”

प्रतापने तिच्याकडे असं पाहिलं, की लग्नाच्या अकरा वर्षांत त्याने तसं फारदा पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःची खुर्ची रुमालाने पुसून दिली. कुठल्या कळीवर कुठलं अक्षर आहे त्याचा तक्ता स्क्रीनशेजारी चिकटवला. माऊस कसा धरायचा ते तिच्या हातावर हात ठेवून दाखवलं. “मी सांगत नव्हतो? एकदा हात बसला की सोडणार नाहीस तू.” आणि तिला निवांतपणा मिळावा म्हणून कीबोर्ड घेऊन पलीकडच्या टेबलाशी जाऊन बसला.

सुनेत्रा एकेक कळ शोधत लिहू लागली. हाताने लिहिताना शब्द पळतो. इथे एका काना-मात्रेसाठी थांबावं लागत होतं, त्यामुळे खोटं लिहायला सवड भरपूर होती. तिने लिहिलं:

‘आई, हे तू एकटीच वाच. मागचे पत्र मी लिहिलेले नव्हते. ते यांनी मशीन तपासायला लिहिले. मी सुखात नाही. मारत नाहीत, ओरडत नाहीत, काही कमी नाही. पण मी इथे आहे असे कोणाला वाटत नाही. मला काही दिवस तुझ्याजवळ राहायचे आहे. तू ये म्हणालीस तरच येता येईल, असे ठरले आहे. म्हणून तू मला ये म्हण. तेवढे एकच लिही, तुझ्या हाताने.’

तास-सव्वा तास गेला असेल. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. प्रताप तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला, कपातल्या उरलेल्या चहाचे घोट घेत. सुनेत्राने हात कीबोर्डवरून काढले नाहीत. पुसायची कळ कुठली, तेही त्याने तिला दाखवलेलं होतं. तिने ती दाबली नाही. पांढऱ्या स्क्रीनवर तिचे ‘म’ आणि ‘स’ उभे होते, दोन हातांवरून सहज वाचता येतील एवढे. तिने काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. बरं झालं, होऊन जाऊ दे एकदाचं, असंही तिला वाटलं.

तो वाकला. कप त्याने टेबलावर ठेवला.

“दुसऱ्या ओळीत,” तो म्हणाला.

दुसऱ्या ओळीत ‘मी लिहिलेले नव्हते’ होतं.

“काय दुसऱ्या ओळीत?”

“‘ल’ बघ. तिन्ही ‘ल’. खालचा एक ठिपका सरकलाय.” त्याने स्क्रीनला पट्टी लावली. “राजीवच्या लक्षात आलं नाही, माझ्या कसं नाही आलं? ऊठ जरा.”

ती उठली. त्याने पत्र बाजूला सारून ‘ल’चं चोवीस ठिपक्यांचं चित्र उघडलं, एक ठिपका पुसला, शेजारी दुसरा ठेवला, जीभ दातांत धरून. मग पत्र परत आणलं आणि वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. ‘मी सुखात नाही’वरून, ‘कोणाला वाटत नाही’वरून, शेवटच्या ओळीपर्यंत. मान हलवली. “आता परफेक्ट.” आणि स्वतःच छापायला दिलं.

प्रिंटर करकरत एकेक ओळ बाहेर ढकलू लागला. कागद पुरा बाहेर आला तशी सुनेत्राने तो उचलला आणि दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या हळूहळू फाडून काढल्या.

“वाचलंत तुम्ही?”

“वाचायचं काय त्यात?” तो म्हणाला. “बघितलं ना सगळं.”

तिने कागदाची घडी घालून पाकिटात सारली आणि वर पत्ता लिहिला. प्रतापने खण उघडून परदेशी टपालाची तिकिटं काढली आणि जिभेला लावून एकेक नीट चिकटवली. उद्या रविवार आहे, आत्ताच टाकून येतो, असं म्हणत तो गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडला.